फेरायल

आमच्या घरात ‘फेरायल’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. ते एका विणीचं नाव आहे, एवढीच आमची माहिती. ‘नानांचा फेरायलचा स्वेटर काढ गं ट्रंकेतून,’ असं आई म्हणाली की समजायचं, थंडी पडली.

नाना भुसावळला रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. रात्री-अपरात्री कॉलबॉय सायकलवर यायचा, क्वार्टरची कडी वाजवायचा, रजिस्टर पुढे करायचा. नाना अर्धवट झोपेत सही करायचे आणि आई स्टोव्ह पेटवायची. खान्देश म्हटलं की सगळ्यांना इथला उन्हाळाच आठवतो. पण पौषातल्या रात्री तापी ओलांडून खंडव्याकडे निघालेल्या मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसून बघावं. ब्रेक व्हॅनला दारं-खिडक्या नावालाच, वारा आरपार. एका हिवाळ्यात नानांच्या छातीत कफ भरला, पंधरा दिवस घरी काढावे लागले. तेव्हा आईने ठरवलं, यांना असा स्वेटर विणायचा की वारा आत शिरलाच नाही पाहिजे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या बाई लोकरीचं काम फार सुंदर करायच्या. त्यांच्याकडे एक इंग्रजी पत्रक होतं, घडीवर फाटलेलं, आणि त्यात नुसत्या चौकोनांचा एक तक्ता. तीच ही फेरायलची वीण. आई अमळनेरजवळच्या खेड्यातली, सातवी शिकलेली. ‘मला इंग्रजी येत नव्हतं, चौकोन येत होते,’ असं ती अजून सांगते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला तक्ता वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. भरलेला चौकोन म्हणजे एक रंग, रिकामा म्हणजे दुसरा. तिने तो तक्ता माझ्या मोठ्या भावाच्या गणिताच्या वहीत उतरवून घेतला आणि 1974 च्या दिवाळीनंतर टाके घातले.

तो स्वेटर हे लिहिताना माझ्या मांडीवर आहे. जमीन मातकट रंगाची, त्यावर साय रंगाचे आणि बाटलीहिरव्या रंगाचे पट्टे. पट्ट्यात एक गोल, एक फुली, एक गोल, एक फुली. आई त्याला डोळा-फुली म्हणते. सुलट बाजू सुरेख आहेच, पण मला जास्त आवडते ती उलट बाजू. आतून पाहिलं की खरं काम दिसतं. या विणीत एका ओळीत दोनच रंग चालतात, तिसरा नाही. ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागून तसाच पुढे न्यायचा, म्हणजे प्रत्येक ओळीमागे लोकरीचा आणखी एक थर तयार होतो. ऊब त्या मागच्या थरामुळे. धागा ताणून नेला तर पुढची बाजू आकसते, सैल सोडला तर हात घालताना बोटं अडकतात. आईचं माप ठरलेलं होतं. मागच्या धाग्याखालून करंगळीचं टोक जावं, बाकी काही जाऊ नये. पन्नास वर्षांनंतर आजही माझी करंगळी तेवढीच जाते.

डाव्या काखेखाली एका डोळ्यात एक टाका कमी आहे. आईच्या ते चार ओळी पुढे गेल्यावर लक्षात आलं. उसवायला वेळ नव्हता, त्याच रात्री कॉल येणार होता. नुसतं पाहिलं तर कुणाला दिसत नाही. आईला दिसतो.

*

फेरायल हे गावाचं, खरं तर बेटाचं नाव आहे, हे मला 1988 साली कळलं. मी डी.एड.ला होते. ग्रंथालयात एक जुना, जाड पुठ्ठ्याचा नकाशासंग्रह होता. पाठ घ्यायचा होता म्हणून मी ब्रिटनचं पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात एक चौकट, चौकटीत शेटलंड बेटं, आणि त्या चौकटीच्या अगदी तळाला, रेघेला टेकलेला एक ठिपका. शेजारी लिहिलेलं, फेअर आयल. मी ते मनात दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. फेअर आयल. फेरायल. शेजारी बसलेली मैत्रीण दचकली.

रविवारी घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. कुठे आहे, किती लांब आहे, असलं काही तिने विचारलं नाही. हात थांबवून म्हणाली, “म्हंजे तठे बाया शेतस?”

तिथे बायका आहेत? माझी आई घरात नेहमी मराठीच बोलते, पण मनापासून काही निघालं की अहिराणीत निघतं. त्या तक्त्यामागे कुणीतरी बाई असेल, कुणाचा तरी नवरा वाऱ्यात कामाला जात असेल, हे तिला चौदा वर्षांत पहिल्यांदा सुचलं होतं. आणि माझ्या मनात त्याच दिवशी बसलं, की एकदा तिथे जायचं.

तेव्हापासून मी या ठिपक्याबद्दल मिळेल ते वाचत आलेय. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या उत्तरेला आधी ऑर्कनी बेटं लागतात, मग शेटलंड. या दोन्हींच्या मधोमध हे एकटं बेट. लांबी पाच किलोमीटरच्या आसपास, रुंदी त्याच्या निम्मी. माणसं पन्नास-साठ. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या दोन वर्गांत मावतील एवढी. तिथे झाडं जवळजवळ नाहीत. गवत, कडे, मेंढ्या, पक्षी आणि दोन टोकांना दोन दीपगृहं. दक्षिणेकडचं दीपगृह हे स्कॉटलंडमधलं माणसाच्या हातून चालणारं शेवटचं दीपगृह होतं. 31 मार्च 1998 ला शेवटचा राखणदार उतरला आणि दिवा आपोआप चालायला लागला. हे वाचलं त्या रात्री मला नानांची हातबत्ती आठवत राहिली, एका काचेत लाल, एका काचेत हिरवा.

विणीबद्दल तिथे एक गोष्ट सांगतात. 1588 मध्ये स्पॅनिश आरमारातलं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ नावाचं जहाज या बेटावर येऊन फुटलं, त्यातल्या खलाशांनी बायकांना ही नक्षी शिकवली, अशी ती गोष्ट. जहाज फुटलं हे खरं आहे. नक्षीचं मात्र जाणकार मानत नाहीत, आणि मलाही पटत नाही. ज्या बायकांच्या अंगणात पांढरी, काळी, करडी आणि ‘मूरिट’ म्हणतात ती तांबूस तपकिरी, अशी न रंगवताच रंगीत लोकर मेंढीच्या पाठीवर वाढते, त्यांना दोन रंग शेजारी ठेवायला बुडणाऱ्या खलाशांची वाट कशाला पाहावी लागेल? पुढे 1922 मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश युवराजाने गोल्फच्या मैदानावर हा स्वेटर घातला आणि ही वीण जगभर गेली. बहुतेक अशीच कुठून कुठून फिरत, पत्रकातून पत्रकात, ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत आली असेल.

*

पहिल्यांदा बेत केला तो 2007 मध्ये. नाना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आई साठीच्या आत होती. आम्ही तिघं जाणार होतो. मी लग्नानंतर दर महिन्याला थोडे थोडे करून पतसंस्थेत ठेव ठेवली होती, ती त्याच वर्षी पिकणार होती. आमच्या जिल्ह्यात त्या काळी ज्यांच्या ठेवी पतसंस्थांत होत्या त्यांना पुढचं सांगायला नको. शटर अर्धं खाली, आत एकच कर्मचारी, बाहेर माणसांची रांग. माझ्यापुढे एक म्हातारे काका हातात पासबुक धरून उभे होते. त्यांच्या नातीचं लग्न होतं. त्यांच्यासमोर बेटाचं नाव काढायची मला लाज वाटली. पैसे आले, पण दहा वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी. त्या मधल्या काळात, 2011 मध्ये, नाना गेले.

त्यानंतर मी हा विषय घरात काढला नाही. नकाशाचं पान मात्र उघडत राहिले.

आता येत्या 31 मे ला मी निवृत्त होतेय, आणि जूनमध्ये आम्ही निघतोय. आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद, आमच्या ताई. आईचे गुडघे राहिले नाहीत, आणि बोटीत चढणं-उतरणं तिला झेपणार नाही हे तिनेच आधी सांगून टाकलं. पण बेत आखायला बसते ती आईच. दिवाळीच्या फराळाचं आवरलं त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती पलंगावर पाय लांब करून बसते, मी वही घेऊन खाली, आणि ताई फोनवर.

लोक विचारतात, एवढे पैसे घालायचे तर युरोपची सहल का घेत नाही, दहा दिवसांत सात देश होतात. विचारणारे आपुलकीनेच विचारतात. मी त्यांना स्वेटर दाखवते. काहींना लगेच कळतं.

*

तारीख ठरवायलाच आम्हाला पंधरा दिवस लागले. शेटलंडमध्ये दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी लोकरीचा सप्ताह भरतो. जगभरच्या विणणाऱ्या बायका तिथे येतात, आठवडाभर नुसती लोकर, मेंढ्या, नमुने, गप्पा. मला वाटलं, आपल्यासाठी याहून चांगली वेळ ती कोणती? शिवाय तेव्हा रात्री पुन्हा काळ्या झालेल्या असतात, आणि नशिबात असेल तर उत्तरेचा प्रकाश दिसतो. त्याला तिथले लोक ‘मिरी डान्सर्स’ म्हणतात. पण त्या दिवसांत समुद्राचा भरवसा कमी होत जातो. आणि पफिन तोवर गेलेले असतात. काळी पाठ, पांढरं पोट आणि रंगवल्यासारखी चोच असलेला हा पक्षी एप्रिलमध्ये कड्यांवर येतो, तिथल्या गवतातल्या बिळांत पिल्लं वाढवतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रावर निघून जातो. तिथे त्याला लाडाने ‘टॅमी नोरी’ म्हणतात. ताईंना हे नाव इतकं आवडलं की त्यांनी नातवाला तीच हाक मारायला सुरुवात केली.

निकाल आईने दिला. म्हणाली, “लोकर कुठे जात नाही. बाया पण नाही जात. पाखरं जातात. जून धर.”

जून धरला, तर तिथे रात्रच नाही. लर्विक, म्हणजे शेटलंडचं मुख्य गाव, साठ अंश उत्तरेला. आपण एकवीसवर. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत संपतो. तिथे तो जवळजवळ एकोणीस तासांचा, आणि उरलेल्या पाच तासांतही अंधार असा पडतच नाही. आकाशाच्या कडेला उजेड फिरत राहतो, मावळतीकडून उत्तरेकडून उगवतीकडे. त्या उजेडाला शेटलंडच्या बोलीत ‘सिमर डिम’ म्हणतात. मी हे सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, की मग सांजवात कधी लावायची.

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावायचा, तेवढ्यापुरतं दार उघडं ठेवायचं, झोपलेल्याला उठवायचं. दिवस आणि रात्र यांच्यामधली ती एक बारीक पट्टी असते, आणि इथे ती फार लवकर सरते. तिथे तीच पट्टी ताणून अख्ख्या रात्रीएवढी झालेली असते. लहानपणी मे महिन्यात मामाच्या गावी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर झोपायचो. संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडायचं, गोधड्या टाकायच्या, आणि तापलेल्या मातीचा वास घेत चांदण्या मोजायच्या. अंधार हीच आमची उन्हाळ्यातली मिळकत. तिथे जूनमध्ये चांदणीही धड दिसायची नाही. आणि तरी मला ते बघायचंय. कधीच न संपणारी तिन्हीसांज कशी असते, त्यात माणसं जेवतात कधी, झोपतात कधी, गुरांना कळतं कसं.

आईने स्वतःच तोड काढली. म्हणाली, घरचा दिवा मी इथे लावेन, तेव्हा तू तिथे हात जोड. मी हिशेब केला. आपलं घड्याळ तिथल्या उन्हाळ्यातल्या घड्याळाच्या साडेचार तास पुढे. इथे सव्वासातला दिवा लागला तर तिथे पावणेतीन. भर दुपार. आम्ही बहुधा कुठल्या तरी कड्यावर असू. वहीत तेही लिहून ठेवलं.

*

मार्ग असा आहे. जळगावहून मुंबई गाडीने. मुंबईहून लंडन विमानाने. लंडनहून ॲबर्डीन, सात-साडेसात तासांची आगगाडी, बराचसा रस्ता समुद्राच्या काठाने. ही गाडी मी मुद्दाम दिवसाची घेतलीय. नानांची मुलगी म्हणून एवढा हट्ट मी करणारच. ॲबर्डीनहून रात्रीची फेरी बोट. संध्याकाळी सातला सुटते, सकाळी साडेसातला लर्विकला लावते. लर्विकहून दक्षिणेला चाळीस किलोमीटरवर सम्बरा, तिथल्या ग्रटनेसच्या धक्क्यावरून ‘गुड शेफर्ड’ नावाची छोटी बोट अडीच तासांत फेअर आयलला नेते. किंवा लर्विकजवळच्या टिंगवॉलहून आठ-नऊ माणसांचं छोटं विमान, पंचवीस मिनिटं.

खरी अडचण या शेवटच्या टप्प्याची. बोट उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा जाते, विमानही रोज नाही. धुकं आलं तर विमान उडत नाही, वारा फिरला तर बोट सुटत नाही. सम्बराच्या टोकाशी दोन समुद्रांचे प्रवाह एकमेकांवर आपटतात. त्या खळबळीला तिथे ‘रूस्ट’ म्हणतात, आणि बोटीला त्यातूनच जावं लागतं. मी वाचून दाखवलं तशा ताई गप्प झाल्या. त्यांनी समुद्र पाहिलाय तो गिरगाव चौपाटीचा, तोही एकदा, आणि पाण्याला पाठ करून भेळ खाताना.

मी आधी प्रवास असा बसवला होता की एका दिवशी पोचायचं, तीन दिवस राहायचं, चौथ्या दिवशी परत. आईने तो कागद हातात घेतला आणि नानांसारखा वाचला. बोट ठेवत ठेवत, प्रत्येक बदलीच्या जागी थांबत. “इथे बोट नाही सुटली तर? मग ही मोठी बोट चुकली. मग विमान चुकलं. तुझे नाना काय सांगायचे? गाडी लेट होणार हे धरूनच टाइमटेबल बघायचं.” मग सगळं पुन्हा मांडलं. आता फेअर आयलच्या आधी दोन दिवस मोकळे आणि नंतर तीन दिवस मोकळे. त्यासाठी एडिनबरा गेलं, लंडनचे तीन दिवस गेले. मला त्याचं वाईट वाटत नाही. जायचंय ते एकाच ठिकाणी.

मोकळ्या दिवसांसाठीही वहीत खूप आहे. मूसा नावाच्या ओसाड बेटावर दोन हजार वर्षांपूर्वीचा गोल दगडी बुरूज आहे, तेरा मीटर उंच, चुना-माती काही न लावता नुसता दगडावर दगड रचलेला. त्या भिंतींच्या फटींत वादळपाखरं घरटी करतात. चिमणीएवढी पाखरं, आयुष्य समुद्रावर काढतात आणि किनाऱ्यावर फक्त रात्री येतात, मोठ्या पक्ष्यांच्या भीतीने. जूनमध्ये रात्री उशिरा बोट तिथे नेते. त्या अर्धउजेडात बुरुजाच्या पायथ्याशी बसायचं आणि दगडांच्या आतून येणारा त्यांचा घुर्र आवाज ऐकायचा. हे मी कुठल्याही परिस्थितीत सोडणार नाही.

आणि सम्बराच्या विमानतळाजवळ रस्ता सरळ धावपट्टीवरून जातो. विमान यायचं झालं की फाटक पडतं, मोटारी थांबतात, विमान उतरलं की फाटक उघडतं. नानांना हे बघायला मिळालं असतं तर तासभर हलले नसते.

*

नकाशातल्या त्या चौकटीबद्दल सांगायचं राहिलं. शेटलंड इतकं उत्तरेला आहे, की ते खऱ्या जागी दाखवायचं तर पानाचा बराच भाग नुसता समुद्र होतो. म्हणून नकाशे काढणारे वर्षानुवर्षं त्याला उचलून कोपऱ्यातल्या चौकटीत टाकत आले. तिथल्या लोकांना त्याचा राग होता, आणि तो मला पूर्ण समजतो. शाळेत पोरांना वाटायचं, आपण स्कॉटलंडच्या शेजारीच कुठेतरी आहोत. बारा तासांची बोट, चुकलेला दवाखाना, महाग पडणारं प्रत्येक पोतं, हे सगळं त्या चौकटीने पुसून टाकलं होतं. शेवटी 2018 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने बेटांसाठी जो कायदा केला त्यात हे कलमच घातलं गेलं. सरकारी नकाशात शेटलंड त्याच्या खऱ्या जागी दाखवायचं, आणि तसं जमत नसेल तर कारण द्यायचं.

अठ्ठावीस वर्षं मी तिसरी-चौथीच्या मुलांकडून नकाशे भरून घेतले. आपला जिल्हा कुठे, तापी कशी वाहते, सातपुडा कुठून कुठे. बदल्यांच्या वेळी पुण्याकडचे शिक्षक ‘तिकडे लांब’ म्हणून नाक मुरडायचे तेव्हा मला आत काहीतरी टोचायचं. आमच्या भागाला तर सरकारी कागदात नावही ‘उत्तर महाराष्ट्र’, जणू खान्देश म्हणून काही नव्हतंच. अंतर खरं दाखवा, एवढंच त्या बेटावरच्या लोकांनी मागितलं. जवळ दाखवा म्हणून नाही मागितलं. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

त्याच वर्षी, 2018 मध्येच, फेअर आयलला चोवीस तास वीज आली. पवनचक्क्या, सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या बसवल्या तेव्हा. त्याआधी वारा नसेल तर रात्री अकराच्या सुमाराला दिवे जायचे ते सकाळीच यायचे. हे वाचून मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. भारनियमनाच्या वर्षांत पहाटे तीनला लाईट येते म्हणून उठून दळण दळलेल्या बाईला त्या बेटावरच्या बाईची ओळख करून द्यावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट आईला लागली. ही बेटं आधी स्कॉटलंडची नव्हतीच, डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाची होती. मुलगी स्कॉटलंडच्या राजाला दिली, हुंड्याचे पैसे जमेनात, म्हणून त्याने 1468 मध्ये ऑर्कनी आणि 1469 मध्ये शेटलंड गहाण टाकलं. शेटलंड आठ हजार फ्लोरिनला. ते कधी सोडवलंच नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पोरीच्या लग्नात मुलूख गेला.” तिच्या माहेरी आत्याच्या लग्नात विहिरीचं शेत गेलं होतं. तेही परत आलं नाही.

*

सामानाची यादी दोन पानं झालीय. तिथे जूनमध्ये दुपारी बारा-तेरा अंश, शिवाय वारा. ताईंना ते कळावं म्हणून मी सांगितलं, आपल्याकडे जानेवारीत पहाटे असतं तसं, पण दिवसभर. त्यांनी थर्मलचे तीन जोड घेतले. खायला बिबडे, शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं पीठ, केळ्याचे वेफर्स. आईने डिंकाच्या लाडवाचं ठरवलं होतं, पण आपल्याकडून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणजे तूपही आलंच. ते मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तेलात करून देते. व्हिसाचा अर्ज निघण्याआधी तीन महिने करता येतो, म्हणजे मार्चमध्ये मुंबईची एक खेप आहे.

आणि स्वेटर. तो मी नेणार नाही, तर घालून जाणार आहे. कोजागिरीनंतर त्याला गच्चीवर ऊन दिलं. आईने खुर्ची टाकायला लावली आणि तो सुकेपर्यंत तिथेच बसून राहिली, मांजरीवर लक्ष ठेवायला. घडीत कडुलिंबाचा पाला घालून तो परत ट्रंकेत गेला. काल लिहिण्यासाठी काढला, तेव्हा त्याला पाल्याचा वास होता आणि त्याच्याखाली, मला वाटलं की वाटतंय, पण आईलाही आला, कोळशाच्या धुराचा.

फोनचंही ठरलंय. आई रोज साडेचारला उठते. इथे पहाटेचे साडेचार, तेव्हा तिथे बरोबर रात्रीचे बारा. नेटवर्क मिळालं तर मी त्या वेळी बाहेर उभी राहून तिला बेट दाखवणार आहे, मध्यरात्रीच्या उजेडात. ती म्हणाली, कडे-बिडे राहू दे, एखादी बाई विणताना दाखव. मी म्हटलं, आई, मध्यरात्री कोण विणत बसेल? तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. नाना ड्यूटीवर असायचे त्या रात्री ती कधी विणायची, हे मला आठवायला हवं होतं.

तिला त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. दोन रंगांचे दोन धागे त्या एकाच हातात धरतात, की एक डाव्या आणि एक उजव्या? शेजारच्या बाई दोन्ही उजव्या हातात धरायच्या. आईला ते कधी जमलं नाही. तिने आपलं आपण एक डाव्या तर्जनीवर आणि एक उजव्या तर्जनीवर घेतलं, आणि पन्नास वर्षं तिला वाटत आलंय की आपण चुकीचं करतो.

मी म्हटलं, विचारीन. ती म्हणाली, नुसतं तोंडाने सांगून कळणार नाही, आणि तुझं इंग्रजी शाळेतलं. परवा तिने सुया मागितल्या. दहा नंबरच्या, त्याच जुन्या, एकीचं टोक वाकलेलं. तिची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. डोळा-फुलीचा हातभर नाही, वीतभर तुकडा करून द्यायचा, सुई त्यातच ठेवायची, म्हणजे त्या बाईला धागे कुठून कसे गेलेत ते आपोआप दिसेल. चोवीस टाके घातलेत. तीन दिवसांत चार ओळी झाल्यात. मागच्या धाग्याखालून करंगळी घालून बघितली, जाते. पाचव्या ओळीला रंग बदलायचा आहे, आणि बाटलीहिरवी लोकर इथे कुठे मिळत नाहीये. उद्या ताई भुसावळच्या बाजारात बघून येणार आहेत.